टीव्हीवर हिशोब दिसतोय, पण पूर्ण दिसतोय का?



मागच्या वर्षीची, एप्रिल महिन्यातली गोष्ट. पारनेर तालुक्यातल्या एका गावात ग्रामसंघाची वार्षिक हिशोबाची बैठक होती. कांदा काढणीचे दिवस. कितीतरी ताया त्या दिवसाची रोजंदारी बुडवून आल्या होत्या. मी मोठ्या उत्साहाने लॅपटॉप आणला होता आणि शाळेतला टीव्ही मागून घेतला होता. म्हटलं, यंदा वही फिरवत बसायला नको, सगळ्यांना एकदम मोठ्या स्क्रीनवर हिशोब दिसेल.

केबल जोडली, टीव्हीवर चित्र आलं. पण अक्षरं फिसकटलेली, आणि तक्त्याची उजवी बाजू कापलेली. गटाचं नाव, घेतलेलं कर्ज, भरलेले हप्ते इथपर्यंत दिसत होतं. शेवटचा 'थकीत' हा रकाना टीव्हीच्या बाहेरच राहिला. मी बरंच काही दाबून पाहिलं, जमलं नाही. शेवटी म्हणाले, "माझ्या लॅपटॉपवर दिसतंय, मी वाचून दाखवते."

तेव्हा मागे बसलेल्या एक वयस्कर ताई म्हणाल्या, "बाई, तू वाचशील गं, पण आम्ही काय पाहून सही करायची?"

मी घाईघाईने वाचून दाखवलं आणि सह्याही झाल्या. पुढच्या महिन्यात टीव्ही नीट जोडला तेव्हा त्याच ताईंच्या गटापुढे थकीत रक्कम दिसली. हप्ता तर त्यांनी वेळेवर भरला होता. त्या गावात एकाच नावाचे दोन गट आहेत, एक वरच्या वस्तीवरचा, एक खालच्या. नोंद करताना हप्ता दुसऱ्या गटाच्या नावावर पडला होता. चूक माझी होती. ती पावती दाखवून दुरुस्त झाली. पण महिनाभर तो गट कागदावर थकबाकीदार राहिला. मधल्या काळात त्यांनी बँकेत नवं कर्ज मागितलं असतं तर?

आपल्या पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र आहे नियमित हिशोब लेखन. लिहिलेला हिशोब सगळ्यांना दिसला तरच तो सगळ्यांचा होतो. आपल्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारमध्ये पाऊस किती झाला, पाणी किती आहे याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडतात आणि त्यावरून पिकं ठरवतात. आकडे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असले की निर्णयही सगळ्यांचा होतो. म्हणून त्या बैठकीनंतर मी हे टीव्ही जोडायचं काम नीट शिकून घेतलं. इंजिनिअर लागत नाही. शिलाई मशीनचा दोरा ओवता येतो त्या बाईला हेही येतं.

आधी समजून घेऊ: रेझोल्यूशन म्हणजे काय?

ठिपक्यांची रांगोळी आपण सगळ्याच काढतो. स्क्रीनवरचं चित्रही तसंच ठिपक्यांचं असतं, फक्त ठिपके फार बारीक असतात. आडवे किती आणि उभे किती, या संख्येला रेझोल्यूशन म्हणतात.

आपल्याकडच्या बऱ्याच साध्या लॅपटॉपवर आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके असतात. म्हणजे एकूण जवळजवळ साडेदहा लाख. फुल एचडी टीव्हीवर आडवे १९२० आणि उभे १०८० असतात. म्हणजे वीस लाखांच्या वर. टीव्हीच्या काचेत हे ठिपके कायमचे बसवलेले आहेत, ते कमी-जास्त होत नाहीत.

आता विचार करा. अंगणात १५ ठिपक्यांची मांडणी केली आहे आणि तुम्हाला त्यावर ११ ठिपक्यांची रांगोळी ताणून बसवायची आहे. रेषा ठिपक्यांच्या अधेमधे पडणार, आकार बिघडणार. लॅपटॉपने पाठवलेले ठिपके आणि टीव्हीचे ठिपके जुळले नाहीत की अक्षरं अशीच फिसकटतात. म्हणून अक्षरं पुसट दिसली की टीव्ही खराब आहे असं लगेच समजू नका. बहुतेक वेळा मांडणी जुळलेली नसते, एवढंच.

पहिली पायरी: केबल आणि इनपुट

लॅपटॉप टीव्हीला जोडायला दोन प्रकारच्या केबल जास्त वापरतात. एक चपट्या तोंडाची एचडीएमआय. दुसरी बहुधा निळ्या तोंडाची, दोन बाजूंना स्क्रू असलेली, आत १५ पिना असणारी व्हीजीए. दोन्ही सोयी असतील तर एचडीएमआय वापरा, चित्र स्वच्छ येतं.

याच केबलमधून टीव्ही किंवा प्रोजेक्टर लॅपटॉपला सांगतो, "माझे ठिपके इतके आहेत, मला असं चित्र पाठव." केबल सैल असेल किंवा व्हीजीएची एखादी पिन वाकली असेल, तर हा निरोप पोचत नाही. मग लॅपटॉप अंदाजाने काहीतरी कमी ठिपक्यांचं चित्र पाठवतो आणि सेटिंगमध्ये योग्य आकडा दिसतच नाही. म्हणून बाकी काही करण्याआधी केबल काढून परत घट्ट बसवा. दुसरी केबल मिळत असेल तर लावून बघा.

टीव्हीवर नुसतं 'नो सिग्नल' आलं तर रिमोटवरचं 'सोर्स' किंवा 'इनपुट' बटण दाबा. टीव्हीच्या मागे ज्या खाचेत केबल घातली, एचडीएमआय १ किंवा २, तेच निवडा.

दुसरी पायरी: चित्र कुठे दाखवायचं?

कीबोर्डवर चार चौकटींच्या खिडकीचं चिन्ह असलेलं विंडोज बटण आहे. ते दाबून ठेवा आणि 'पी' दाबा. चार पर्याय येतील.

'पीसी स्क्रीन ओन्ली' म्हणजे फक्त लॅपटॉपवर दिसणार.

'डुप्लिकेट' म्हणजे दोन्हीकडे सारखंच दिसणार. आपण हाच पर्याय नेहमी घेतो आणि गडबड इथेच होते. दोन्हीकडे सारखं दाखवायचं म्हणजे ठिपक्यांची संख्याही दोन्हीकडे एकच ठेवावी लागते. मग लॅपटॉपच्या कमी ठिपक्यांचं चित्र मोठ्या टीव्हीवर ताणलं जातं.

'एक्स्टेंड' म्हणजे टीव्ही हे लॅपटॉपचं वाढवलेलं अंगण. दोन्हीकडे वेगळं चित्र, आणि प्रत्येकाची ठिपक्यांची संख्या स्वतःची. हिशोबाची फाईल उघडा, विंडोज आणि शिफ्ट ही दोन बटणं दाबून ठेवून डावा किंवा उजवा बाण दाबा. फाईल टीव्हीवर जाते. "टीव्हीवर नुसता फोटो दिसतोय, फाईल कुठे गेली?" असं झालं तर घाबरू नका, फाईल लॅपटॉपवरच आहे, बाणाने पाठवा. याचा आणखी एक फायदा म्हणजे तुमचे व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप किंवा दुसऱ्या गटाची कागदपत्रं सगळ्यांसमोर उघडी पडत नाहीत.

'सेकंड स्क्रीन ओन्ली' म्हणजे फक्त टीव्हीवर दिसणार. हिशोब वाचनासाठी नव्या तायांना हा सगळ्यात सोपा पर्याय आहे. चित्र टीव्हीच्या मापाने जातं.

तिसरी पायरी: ठिपके जुळवणं

लॅपटॉपच्या मोकळ्या स्क्रीनवर माऊसचं उजवं बटण दाबा आणि 'डिस्प्ले सेटिंग्ज' निवडा. वर १ आणि २ असे दोन चौकोन दिसतील. कोणता कुठला ते कळत नसेल तर 'आयडेंटिफाय' दाबा, दोन्ही स्क्रीनवर आपापला आकडा येईल. टीव्हीचा चौकोन निवडा. हे विसरू नका, नाहीतर बदल लॅपटॉपवरच होतो आणि टीव्ही तसाच राहतो.

खाली 'डिस्प्ले रेझोल्यूशन' आहे. ज्या आकड्यापुढे 'रेकमेंडेड' लिहिलंय तो घ्या. टीव्हीने स्वतः सांगितलेला आकडा बहुतेक तोच असतो. 'कीप चेंजेस' विचारलं की चित्र नीट असेल तर हो म्हणा. स्क्रीन काळी झाली तर काहीही दाबू नका, १५ सेकंदांनी आधीचं चित्र आपोआप परत येतं. म्हणून या सेटिंगला भ्यायचं कारण नाही.

आकडा बरोबर घेतल्यावर अक्षरं स्वच्छ होतात, पण कधी कधी बारीक दिसतात. लगेच रेझोल्यूशन कमी करू नका. त्याच पानावर 'स्केल' आहे, ते १०० वरून १२५ किंवा १५० टक्के करा. एक्सेलची फाईल असेल तर कंट्रोल बटण दाबून माऊसचं चाक फिरवा, अक्षरं मोठी होतात. ठिपके जुळलेलेच राहतात.

चौथी पायरी: कडा कापल्या जात असतील तर

माझा 'थकीत' रकाना इथेच गेला होता. दोष लॅपटॉपचा नव्हता. अनेक टीव्ही चित्र थोडं मोठं करून दाखवतात, त्यामुळे चारही बाजूंच्या कडा बाहेर जातात. सिनेमा बघताना ते लक्षात येत नाही. तक्ता दाखवताना मात्र पहिला आणि शेवटचा रकाना जातो.

याचा उपाय टीव्हीच्या रिमोटमध्ये आहे. मेनूमध्ये 'पिक्चर' आणि त्यात 'पिक्चर साइझ' किंवा 'अ‍ॅस्पेक्ट रेशो' शोधा. '१६:९' किंवा 'झूम' असेल तर बदलून 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट', 'फिट टू स्क्रीन' किंवा 'फुल पिक्सेल' यातलं जे असेल ते निवडा. कंपनीप्रमाणे नाव वेगळं असतं, काम एकच. काही टीव्हींमध्ये इनपुटचं नाव 'पीसी' असं ठेवलं तरी कडा दिसू लागतात.

रिमोट हरवलाय, किंवा असा पर्यायच नाही? तर तक्त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला एक-एक रिकामा रकाना सोडा आणि वर दोन ओळी रिकाम्या ठेवा. कापला जाईल तो रिकामा रकाना. आपला आकडा शाबूत.

पाचवी पायरी: तरीही जमत नसेल तर

आधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. स्क्रीन क्षणभर लुकलुकते आणि चित्राची यंत्रणा नव्याने सुरू होते. उघडलेली फाईल बंद होत नाही.

लॅपटॉपमध्ये नुकतंच नवीन विंडोज टाकून घेतलं असेल, तर 'स्टार्ट'वर उजवं बटण दाबून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. त्यात 'डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर्स' बघा. तिथे 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर' लिहिलं असेल तर चित्राचा ड्रायव्हर टाकायचा राहिलाय. अशा वेळी रेझोल्यूशन बदलता येत नाही किंवा दुसरी स्क्रीन ओळखलीच जात नाही. इंटरनेट लावून 'विंडोज अपडेट' करा, नाहीतर लॅपटॉप कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर घ्या. भलत्याच ठिकाणाहून 'फ्री ड्रायव्हर' उतरवू नका. फोनवर कुणी पैसे मागून दुरुस्ती सांगत असेल तर फोन ठेवा. या लॅपटॉपमध्ये आपल्या गटांची माहिती आहे.

प्रोजेक्टर विकत घेताय?

काही ग्रामसंघ प्रोजेक्टर घ्यायच्या विचारात आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगते. जाहिरातीत 'फुल एचडी सपोर्ट' असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एवढाच की फुल एचडी चित्र पाठवलं तर ते यंत्र घेईल. त्याचे स्वतःचे ठिपके ८०० बाय ६०० इतके कमीही असू शकतात. मग तक्त्यातले ३ आणि ८ सारखेच दिसतात. दरपत्रक मागताना 'नेटिव्ह रेझोल्यूशन किती?' हा प्रश्न लेखी विचारा. तक्ते दाखवायला १२८० बाय ८०० किंवा त्याहून जास्त असेल तर बरं. आणि पैसे देण्याआधी आपलाच लॅपटॉप, आपलीच हिशोबाची फाईल दुकानात लावून बघा. साडी आपण उजेडात नेऊन बघतो, तसंच.

बैठकीआधी एवढं करा

१. अर्धा तास आधी पोचा. लोक जमल्यावर केबल शोधायची नाही.
२. केबल, कन्व्हर्टर आणि टीव्हीचा रिमोट एकाच पिशवीत ठेवा.
३. विंडोज आणि पी दाबून 'सेकंड स्क्रीन ओन्ली' किंवा 'एक्स्टेंड' घ्या.
४. टीव्हीचा चौकोन निवडून 'रेकमेंडेड' आकडा घ्या.
५. तक्त्याचा पहिला रकाना, शेवटचा रकाना आणि खालची बेरीज दिसते का ते बघा.
६. सगळ्यात मागे जाऊन सतरंजीवर बसा आणि तिथून शेवटचा आकडा वाचा. तुम्हाला वाचता आला नाही तर तो कुणालाच वाचता येणार नाही.
७. लाईट गेली तर? छापील तक्ता आणि वही सोबत असू द्या.

हे काम एकट्या लेखापाल ताईंवर किंवा माझ्यासारखीवर सोडू नका. प्रत्येक ग्रामसंघातल्या दोन तायांनी तरी शिकून घ्या. घरात दहावी-बारावीची मुलगी असेल तर तिला सोबत बसवा, तिला चटकन येईल आणि ती तुम्हालाही शिकवेल.

आणि ज्यांना लॅपटॉपला हातही लावायचा नाही, त्यांच्यासाठी एकच काम. टीव्हीवर आपल्या गटाची ओळ शोधा, शेवटच्या रकान्यापर्यंत बोट न्या. आकडा दिसत नसेल तर सही करण्याआधी त्या ताईंसारखं विचारा. मला त्या दिवशी राग नाही आला, लाज वाटली. आता दर बैठकीत मी सुरुवातीलाच विचारते, "मागच्या ताईंना शेवटचा रकाना दिसतोय का?" हो आलं की मगच हिशोब सुरू करते.

तुमची,
क्षेत्र समन्वयक