गांजाचा परवाना आणि भिवंडीचा विणकर

गांजाच्या विक्रीस कायद्याने मोकळीक द्यावी किंवा नाही, ह्या वादास अलीकडे आपल्या सुशिक्षित वर्गात बराच रंग चढू लागला आहे. एक पक्ष परदेशांचे दाखले देऊन म्हणतो, की सरकारने परवाने द्यावेत आणि कर घ्यावा. दुसरा म्हणतो, गांजेकसास तुरुंग दाखविल्यावाचून समाजाची धडगत नाही. दोन्ही पक्षांचा आवेश दांडगा आहे. परंतु ज्यांच्या शरीरावर हा प्रयोग व्हावयाचा, त्यांच्या बिऱ्हाडापर्यंत दोहोंपैकी एकाचेही पाऊल गेलेले आम्हांस दिसत नाही. म्हणून आज आम्ही वाचकांस भिवंडीस नेऊ इच्छितो.

भिवंडी हे यंत्रमागांचे गाव. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तर हिंदुस्थानातून निघालेली विणकरांची कुटुंबे येथे स्थिरावली. पुढे तेलंगणातील पद्मशाली आले. आणि उत्तर प्रदेश व बिहार येथील तरुण अद्यापि येतच आहेत. बारा तासांची पाळी, कधी दिवसाची, कधी रात्रीची. मजुरी विणलेल्या मापावर, म्हणजे माग थांबला की मजुरीही थांबली. जेवण ‘बिसी’ नामक खानावळीत, निजणे दाटीवाटीच्या खोलीत, आणि बायकामुले शेकडो कोसांवर. धोट्यांचा खडखडाट असा, की शेजारी उभ्या माणसाचे बोलणे ऐकू येऊ नये. अशा मनुष्यापुढे कोणी चिलीम धरली आणि तिने त्यास घटकाभर झोप आणली, तर त्यास दुराचारी म्हणावयास आमची जीभ धजत नाही. परंतु जिच्या योगाने आज झोप येते, तिच्यावाचून पुढे झोप येईनाशी होते, हेही तितकेच खरे. सवय जडलेल्याने गांजा सोडला म्हणजे पहिल्या आठवड्यात चिडचीड, निद्रानाश व अन्नावरील वासना उडणे ही लक्षणे दिसतात, आणि तो पुन्हा चिलमीकडे वळतो. मागावर उभे राहणाऱ्यास त्या आठवड्याची रजा कोण देणार?

हा वाद काही नवा नव्हे. १८९३ साली इंग्रज सरकारने ह्याच प्रश्नाच्या चौकशीसाठी कमिशन नेमले. त्याने ११९३ साक्षी घेतल्या आणि १८९४ साली असा निर्णय दिला, की बेताच्या सेवनाने फारसा अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो. सबब संपूर्ण बंदी न करता कर व परवाने यांनी आवर घालावा. दोघा हिंदी सभासदांनी ह्यास भिन्नमतपत्रिका जोडल्या, ही गोष्ट परवान्याचे कैवारी सांगावयास विसरतात. ह्या कमिशनाचा एक शोध मात्र बंदीच्या कैवाऱ्यांनीही वाचण्यासारखा आहे. वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदी तपासता असे आढळले, की वेडाचे कारण लिहिण्याचा रकाना भरावयाचा म्हणून कित्येक ठिकाणी नीट चौकशी न करता ‘गांजा’ हा शब्द ठोकून दिला होता!

पुढे १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १९८५ च्या कायद्याने गांजा व चरस देशभर निषिद्ध ठरले. पाने व बिया मात्र त्या व्याख्येबाहेर राहिल्या. म्हणून कित्येक प्रांतांत भांग सरकारी परवान्याने विकली जाते. एकाच झाडाचे पान प्रतिष्ठित आणि फूल गुन्हेगार! आज गांजा ओढणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि किलोभरापर्यंत माल जवळ सापडल्यास एक वर्षापर्यंत. विणकर तुरुंगात गेला तर त्याचा माग दुसऱ्याच्या हाती जातो, गावी जाणारी मनिऑर्डर बंद पडते, आणि व्यसन तर जेथल्या तेथेच.

तर मग परवानाच का देऊ नये? कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून विक्री खुली केली. त्यामुळे तरुणांची धरपकड पुष्कळ घटली, हा लाभ आम्ही नाकारीत नाही. परंतु गांजा घातलेल्या मिठाया बाजारात आल्यावर त्या अजाणता खाऊन इस्पितळात आणाव्या लागलेल्या लेकरांची संख्याही तेथे वाढली. थायलंडने जून २०२२ मध्ये बंधन उठविले, आणि जून २०२५ मध्ये वैद्याच्या चिठ्ठीची अट पुन्हा घातली. शिवाय मालही जुना राहिलेला नाही. अमेरिकेत पकडलेल्या गांजात मादक द्रव्याचे प्रमाण १९९५ साली शेकडा सुमारे ४ होते, ते २०१४ पर्यंत शेकडा १२ च्या आसपास गेले. कोवळ्या वयात आरंभ करणाऱ्या सहांतील एकास व्यसन जडते असा अदमास आहे; आणि असा जहाल माल रोज ओढणाऱ्यांत बुद्धिभ्रंशाचा धोका कैक पटींनी अधिक दिसतो. १८९४ सालचे ‘बेताचे सेवन’ आजच्या मालास लावता येत नाही.

ह्याहून मोठी भीती आम्हांस वाटते ती सरकारच्या लोभाची. १८८० साली पुणे नगरपालिकेचे सभासद जोतीराव फुले यांनी शहरात वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली होती. मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला. आज त्याच कायद्याखालील परवाने व दारूवरील कर यांवर महाराष्ट्राच्या तिजोरीचा मोठा भार आहे. ज्या उत्पन्नावर पगार निघतात ते घटावे असे कोणते खाते मनापासून इच्छील? गांजाचे दुकान एकदा तिजोरीस जोडले गेले, म्हणजे तेही सुटणार नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे, की दुकान नको आणि ओढणाऱ्यास तुरुंगही नको; विकणाऱ्यावर कायद्याने आपले दात खुशाल चालवावेत. ह्यास नवा कायदा येईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. जो व्यसनी आपण होऊन सरकारमान्य इस्पितळात उपचार घेईल त्यावर खटला चालू नये, अशी तरतूद त्याच १९८५ च्या कायद्यात आहे. ती हिंदी, उर्दू, तेलुगू व मराठी ह्या चारही भाषांत प्रत्येक बिसीच्या भिंतीवर लावण्यास किती खर्च येईल? २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी पाहणीत गांजा व भांग यांपायी मदतीची गरज असलेले लोक सुमारे ७२ लाख आढळले. आणि निषिद्ध मादक पदार्थांच्या आहारी गेलेल्यांपैकी विसांत एकासच कधी काळी इस्पितळात राहून उपचार मिळाला होता.

ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासून उभे आहे व भिवंडीहून फार दूर नाही. परंतु तेथे जाण्यायेण्यात विणकराची एक पाळी बुडते, आणि ‘वेड्यांच्या इस्पितळात’ गेल्याचा बोभाटा होतो तो निराळाच. गांजाच्या व्यसनावर खात्रीचे औषध अद्यापि निघालेले नाही. समजुतीने, नेमाने व पुनःपुन्हा बोलणे हाच मुख्य उपचार होय. त्यास मोठी इमारत लागत नाही. भिवंडीच्या सरकारी रुग्णालयात एक खोली, विणकराची भाषा जाणणारा एक समुपदेशक आणि आठवड्यातून दोन दिवस एक मानसोपचारतज्ज्ञ, एवढ्याने आरंभ करता येईल. मात्र ती खोली पाळी सुटण्याच्या वेळी, सकाळी व सायंकाळी, उघडी असावी. दुपारी अकरा ते एक ह्या वेळेत तेथे कोणी येत नाही असा अहवाल पुढे पाठवावयाचा असेल, तर ती न उघडलेलीच बरी.