काँक्रीट किती वेळा सोसते?

बांधकामाच्या जागी काँक्रीटची परीक्षा होते ती क्यूबवर. १५० मिलिमीटर बाजूच्या साच्यात काँक्रीट भरायचे, दुसऱ्या दिवशी ठोकळा काढून पाण्याच्या टाकीत सोडायचा आणि २८व्या दिवशी दाबयंत्राखाली ठेवून तो फुटेपर्यंत दाबायचा. काटा ज्या आकड्यावर पोहोचून मागे फिरतो, तो आकडा रजिस्टरमध्ये जातो. एम-४० काँक्रीट असेल तर दर चौरस मिलिमीटरला ४० न्यूटनांची अपेक्षा असते. तेवढे भरले की काम पास, पुढचा स्लॅब टाकायला मोकळे.

या परीक्षेत दाब एकदाच येतो. प्रत्यक्षात पुलावर, समुद्रातल्या खांबावर, पवनचक्कीच्या पायावर तो येतो, उतरतो, पुन्हा येतो. लाखो वेळा, कधी कोट्यवधी वेळा. तो फुटण्याच्या दाबापेक्षा नेहमीच खूप कमी असतो, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण काँक्रीट प्रत्येक फेरीची नोंद आत कुठेतरी ठेवत असते, आणि क्यूबच्या रजिस्टरमध्ये ती नोंद कधीच येत नाही.

लोखंडाचा थकवा आपल्याला ओळखीचा आहे. तार एकदा वाकवून तुटत नाही, पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला आणि पन्नासहून अधिक माणसे दगावली, तेव्हापासून इंजिनियर या प्रश्नाच्या मागे लागले. प्रशियाच्या रेल्वेतील ऑगस्ट व्होलर यांनी पुढे वर्षानुवर्षे आस फिरवून, वाकवून पाहिले आणि ताण किती व फेऱ्या किती यांचे नाते मांडले. त्या नात्याचा आलेख आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. काँक्रीटची पाळी उशिरा आली. अमेरिकेत सेंट लुईस येथे प्राध्यापक व्हॅन ऑर्नम यांनी १९०३ आणि १९०७ मध्ये सिमेंटच्या आणि काँक्रीटच्या ठोकळ्यांवर पुन्हा पुन्हा दाब देऊन निष्कर्ष छापले. एका फटक्यात फुटायला जेवढा दाब लागतो, त्याच्या बऱ्याच खालच्या दाबानेही ठोकळे फुटत होते. शिवाय त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. दाब आणि आकुंचन यांचा आलेख पहिल्या फेरीत एका बाजूला वाकलेला असतो, काही फेऱ्यांनंतर तो सरळ होतो आणि ठोकळा फुटायला आला की उलट्या बाजूला वाकतो. म्हणजे ठोकळा वरून धडधाकट दिसत असतानाही त्याचा स्वभाव बदललेला असतो, आणि तो बदल मोजता येतो. शंभरेक वर्षांपूर्वीचे हे निरीक्षण मला आजही या विषयातले सर्वांत मोलाचे वाटते.

आता थोडे आकडे पाहू. नॉर्वेचे आस-याकोब्सेन यांनी १९७० मध्ये एक साधे सूत्र दिले आणि स्वीडनचे टेप्फर्स व कुट्टी यांनी १९७९ मध्ये दाबाखालच्या काँक्रीटसाठी त्यातला गुणांक पक्का केला. त्या सूत्राने हिशोब केला तर असे दिसते : फुटण्याच्या दाबाच्या ८० टक्के दाब दिला आणि दर वेळी तो शून्यावर आणला, तर ठोकळा सुमारे ८३० फेऱ्या काढतो. ७० टक्क्यांवर २४ हजार, ६० टक्क्यांवर जवळजवळ ७ लाख आणि ५० टक्क्यांवर २ कोटी. दाबात दहा टक्क्यांची सूट मिळाली की आयुष्य जवळपास तीसपट होते. उलटही तेवढेच खरे. हिशोबात दहा टक्क्यांची चूक झाली, तर तीस वर्षांची वस्तू वर्षभरात गळाठू शकते.

याच सूत्रात एक दुसरी गोष्ट दडलेली आहे. वरचा दाब ८० टक्केच ठेवला, पण खाली येताना तो शून्यापर्यंत न आणता ४० टक्क्यांवरच थांबवला, तर ८३० फेऱ्यांच्या जागी जवळजवळ ७ लाख फेऱ्या मिळतात. ओझे तेवढेच, पण त्याची ये-जा निम्मी. काँक्रीटला भार जितका थकवतो, त्याहून भाराचा चढ-उतार अधिक थकवतो. म्हणूनच घरात राहणाऱ्या वाचकाने हा लेख वाचून धास्तावू नये. इमारतीच्या कॉलमवरचे बहुतेक ओझे भिंती, स्लॅब आणि कॉलम यांचे स्वतःचेच असते. ते जागेवरून हलत नाही. माणसे आणि सामान आल्या-गेल्याने होणारा फरक त्यामानाने किरकोळ असतो.

दाबाखाली काँक्रीट थकते कसे, हा प्रश्न पहिल्यांदा ऐकणाऱ्याला बुचकळ्यात टाकतो. ओढले तर भेग पडेल हे समजते, पण दाबले तर भेग मिटायला हवी. याचे उत्तर खडीच्या कडेला सापडते. ठोकळा वरून दाबला की तो बाजूंना फुगतो. आतल्या आत आडवा ताण तयार होतो आणि भेगा दाबाच्या दिशेने, उभ्या धावतात. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला श्यू, स्लेट, स्टर्मन आणि विंटर यांनी काँक्रीटचे पातळ काप काढून ते सूक्ष्मदर्शकाखाली आणि क्ष-किरणांखाली पाहिले. कोणताही भार येण्यापूर्वीच खडी आणि सिमेंट-वाळूचा मसाला यांच्या सांध्यावर बारीक भेगा होत्या! सिमेंट सुकताना आक्रसते, खडीच्या पोटाखाली पाणी साचून राहते, त्यामुळे तो सांधा जन्मापासूनच कच्चा असतो. फुटण्याच्या दाबाच्या साधारण ३० टक्क्यांपुढे या भेगा वाढू लागतात आणि ७० ते ९० टक्क्यांच्या दरम्यान त्या मसाल्यात शिरून एकमेकींना जोडल्या जातात. एकदाच दाबले तर ही गोष्ट काही मिनिटांत घडते. थोडा थोडा दाब हजारो वेळा दिला तर तीच गोष्ट सावकाश घडते. दाब उतरला तरी भेग पूर्ण मिटत नाही, कारण सुटलेले कण तिच्या तोंडात अडकून बसतात आणि पुढच्या फेरीत पाचरीचे काम करतात.

बाहेरून हे कसे दिसते? ठोकळ्याचे आकुंचन फेरीगणिक मोजले तर तीन टप्पे उमटतात. आयुष्याच्या पहिल्या दहा टक्क्यांत आकुंचन भराभर वाढते. मग लांबच लांब मधला काळ येतो, त्यात वाढ अगदी संथ आणि एकसारखी असते. शेवटच्या पाचव्या हिश्श्यात ती पुन्हा वेग घेते आणि ठोकळा फुटतो. ब्रिटनमधील स्पार्क्स आणि मेंझीस यांनी १९७३ मध्ये दाखवले, की मधल्या टप्प्यातला वाढीचा वेग आणि एकूण आयुष्य यांचे नाते घट्ट आहे. याचे महत्त्व प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला पटकन कळेल. ज्या ठोकळ्याला थकवायचे, त्याची ताकद नेमकी किती होती हे कधीच कळत नाही. कळायचे तर तो फोडावा लागतो आणि फोडला की थकवायला उरत नाही. म्हणून त्याच्या भावंडांची सरासरी घ्यायची. आता हाती आलेला ठोकळा सरासरीपेक्षा फक्त पाच टक्के कच्चा निघाला, तर ७० टक्के समजून दिलेला दाब त्याच्या दृष्टीने ७३.७ टक्के ठरतो आणि अपेक्षित २४ हजार फेऱ्यांच्या जागी ७ हजारच मिळतात. एकाच दिवशी, एकाच मिक्सरमधून भरलेल्या ठोकळ्यांच्या आयुष्यात दहापटीचा फरक पडतो तो यामुळे. अशा वेळी ताकदीच्या अंदाजावर विसंबण्यापेक्षा आकुंचनाचा वेग पाहणे शहाणपणाचे.

साध्या पोलादाला एक मर्यादा असते. तिच्या खालचा ताण त्याला थकवत नाही असे धरले जाते. काँक्रीटची अशी मर्यादा १ कोटी फेऱ्यांपर्यंत सापडलेली नाही. त्यापुढे जायला वेळच इतका लागतो की प्रयोग रेंगाळतात. सेकंदाला दहा वेळा दाब दिला तरी १ कोटी फेऱ्यांना साडेअकरा दिवस लागतात, आणि तेवढ्या वेगाने दाबले की उच्च ताकदीचा ठोकळा स्वतःच तापतो. मग तो थकव्याने फुटला की उष्णतेने, हा नवा वाद.

या अभ्यासाला खरी गती दिली ती उत्तर समुद्राने. १९७३ मध्ये तिथे एकोफिस्कची काँक्रीटची तेलटाकी बसली, १९७५ मध्ये बेरिल-ए आणि १९९५ मध्ये ४७२ मीटर उंचीचा ट्रोल-ए. दर दहा सेकंदांना एक लाट धरली तर वर्षाला ३१ लाख लाटा होतात. तीस वर्षांत साडेनऊ कोटी. ट्रॉन्डहाइमच्या प्रयोगशाळेत होल्मेन यांनी १९७९ मध्ये ठोकळ्यांना कमी-जास्त दाबांची मिसळ देऊन पाहिली, कारण समुद्रातल्या सगळ्या लाटा सारख्या नसतात. प्रत्येक लाटेने आयुष्याचा किती अंश खाल्ला याची साधी बेरीज करायची, हा पामग्रेन आणि मायनर यांचा नियम तेव्हाही वापरात होता. होल्मेन यांच्या ठोकळ्यांनी दाखवून दिले की ही बेरीज नेहमी सुरक्षित बाजूला राहत नाही.

पण समुद्राने शिकवलेला मोठा धडा पाण्याचा आहे. पाण्यात बुडवून थकवलेला ठोकळा कोरड्यापेक्षा फार लवकर जातो. प्रयोग चालू असताना त्यातून हवेचे बुडबुडे निघतात आणि बारीक राखाडी गाळ पाण्यात उतरतो. कारण सरळ आहे. भेग उघडते तेव्हा पाणी आत ओढले जाते. दाब येऊन ती मिटू लागते तेव्हा पाण्याला बाहेर पडायला पुरेसा वेळ मिळत नाही, आणि ते भेगेच्या टोकावर आतून जोर लावते. जाताना सुटलेले कण धुऊन नेते. जपानमध्ये ओसाका विद्यापीठात मात्सुई यांनी पुलाच्या स्लॅबवर चाक फिरवणारे यंत्र बनवून हेच दाखवले : वर पाणी साचलेला स्लॅब कोरड्या स्लॅबच्या मानाने कितीतरी आधी मोडतो.

हे सगळे आपल्या दाराशी येऊन ठेपते ते पवनचक्क्यांमुळे. मिनिटाला १५ फेऱ्या घेणारा पंखा अखंड फिरला असे धरले तर वर्षात जवळपास ७९ लाख फेऱ्या होतात, वीस वर्षांत पावणेसोळा कोटी. तिन्ही पाती मनोऱ्यासमोरून जाताना वेगळा झटका देतात. तो मोजला तर आकडा ४७ कोटींवर जातो. हा सगळा हेलकावा शेवटी जमिनीखालच्या काँक्रीटमध्ये उतरतो. जुन्या रचनेत मनोऱ्याचे बूड म्हणून पोलादी कडे काँक्रीटमध्ये गाडलेले असते आणि त्याच्या तळाशी रुंद किनार असते. वारा एका बाजूने आला की कड्याची एक बाजू दाबते, दुसरी उचलली जाते. किनारीवरचे आणि खालचे काँक्रीट वर्षानुवर्षे चेपले जाऊन भुगा होऊ लागते आणि कडे हलू लागते. वरचा सील फाटलेला असेल तर पावसाचे पाणी त्या फटीत उतरते आणि पुढचे काम उत्तर समुद्रातल्या ठोकळ्यासारखेच चालते. युरोपात अशा पायांभोवती राखाडी चिखलाचे ओघळ दिसले आहेत आणि आत ग्राउट भरून दुरुस्त्या कराव्या लागल्या आहेत. नंतरच्या रचनेत कड्याच्या जागी लांब बोल्टांचा पिंजरा आला. ते बोल्ट आधीच ताणून ठेवतात, म्हणजे काँक्रीटवर कायमचा दाब राहतो आणि वाऱ्याने होणारा चढ-उतार त्यामानाने लहान ठरतो. ८३० फेऱ्यांचे ७ लाख करणारे तत्त्व ते हेच.

संहिताही सावध आहेत, आणि माझ्या मते सावधच राहाव्यात. युरोपीय संहितेत थकव्यासाठी काँक्रीटची ताकद मोजताना कपात करावी लागते : ४० न्यूटनच्या काँक्रीटला १६ टक्के, १०० न्यूटनच्या काँक्रीटला ४० टक्के. काँक्रीट जितके दणकट, तितका अविश्वास मोठा, कारण ते अधिक ठिसूळ असते. २०१०च्या आंतरराष्ट्रीय आदर्श संहितेने ही कपात सौम्य केली. जर्मनीत अजून त्यावर प्रयोग चालू आहेत.

महाराष्ट्रात साताऱ्याच्या पश्चिमेला वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावर शेकडो पवनचक्क्या आहेत. तिथला वारा जून ते ऑगस्टमध्ये सर्वांत जोराचा असतो आणि सह्याद्रीचा पाऊसही नेमका त्याच महिन्यांत कोसळतो. म्हणजे जास्तीत जास्त हेलकावे आणि जास्तीत जास्त पाणी, दोन्ही एकाच वेळी. युरोपातल्या नियमांत हा योग तितका ठळक नाही. आपल्या तपासणीच्या वेळापत्रकात तो यायला हवा. केंद्र सरकारने २०२३ मध्ये जुन्या पवनचक्क्यांच्या नूतनीकरणाचे आणि आयुष्य वाढवण्याचे धोरण आणले आहे. ते राबवताना पाती, गिअर आणि जनरेटर यांची तपासणी होईलच. पायाचीही व्हावी, आणि ती जुन्या क्यूब रिपोर्टवर भागवू नये. कडे वाऱ्यात किती मिलिमीटर हलते ते मोजावे, तो आकडा दरवर्षी लिहून ठेवावा आणि वाढीचा वेग पाहावा. पावसाळ्यापूर्वी मनोऱ्याच्या बुडाचा सील दुरुस्त करावा. आणि पठारावर गुरे घेऊन जाणाऱ्या, शेती करणाऱ्या गावकऱ्यांना एवढे सांगून ठेवावे, की मनोऱ्याच्या बुडाशी राखाडी चिखल पाझरताना दिसला तर लगेच कंपनीच्या माणसाला कळवा.