छोट्या लाकूडकामाला स्प्रे: गन स्वस्त चालेल, हवा नाही

देव्हाऱ्याची जाळी, चौरंगाचे कातीव पाय, लाकडी गाडीची चाकं. ब्रश घेऊन पॉलिशला बसलं की याच जागा छळतात. सपाट फळीवर ब्रश छान चालतो, चपड्याचा बोळाही चालतो. पण जाळीच्या भोकात बोळा शिरत नाही आणि ब्रश शिरला तर कोपऱ्यात ओघळ साचतो. अशा कामाला स्प्रेच हवा. बाजारात मात्र दोन-अडीचशे रुपयांच्या कॅनपासून मोठ्या कॉम्प्रेसरपर्यंत सगळं ‘लाकडासाठी उत्तम’ म्हणूनच विकलं जातं. त्यातलं घरच्या बाल्कनीत किंवा छोट्या शेडमध्ये काम करणाऱ्याला काय परवडेल आणि काय पुरेल, ते पाहू.

आधी फिनिश ठरवा, मग गन

बहुतेकजण आधी गन आणतात आणि मग तिच्यातून काय मारता येईल ते शोधतात. क्रम उलटा हवा, कारण नोझलचं माप, हवेची गरज आणि मास्क हे सगळं फिनिशवर ठरतं.

चपडा स्पिरिटमध्ये विरघळवला की पाण्यासारखा पातळ होतो, लहान नोझलमधूनही जातो आणि भराभर सुकतो. एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचं सीलर आणि लॅकर, थिनरने पातळ होतं आणि काही मिनिटांत हाताला लागेनासं होतं. त्याचा दुसरा हात पहिल्या हाताला किंचित विरघळवून त्यात मिसळतो, म्हणून चुकलेली जागा दुरुस्त करणं सोपं. शिकणाऱ्याने स्प्रेची सुरुवात यावरच करावी. मेलामाइन त्याहून कडक, पण ते आम्लाच्या साहाय्याने घट्ट होतं आणि सुकताना फॉर्मल्डिहाइडचा उग्र वास सोडतं. दोन डब्यांचं पीयू सगळ्यांत टिकाऊ. मात्र हार्डनर मिसळल्यावर घड्याळ सुरू होतं, आणि वेळेत गन धुतली नाही तर ती कायमची बसते. पाण्यावरच्या पीयूत आगीची धास्ती फार कमी. पण ते जाडसर असतं आणि पहिल्या हाताला लाकडाचे रेषे उभे करतं. ते ३२० नंबरच्या पॉलिशपेपरने हलकेच उतरवावे लागतात.

आणि एक स्पष्ट सांगतो: वर्षाकाठी एखादा ट्रे नाहीतर फोटोफ्रेम करणाऱ्याने यातलं कुठलंच यंत्र घेऊ नये. त्याला बोळा आणि चपडा पुरतो, तुकतुकीही उत्तम येते.

स्प्रे कॅन

यंत्राचा खर्च शून्य, धुण्याची कटकट नाही. ४०० मिलिलिटरच्या आसपासच्या कॅनमध्ये साधारण दीड-दोन चौरस मीटरला एक हात होतो. म्हणजे छोटा डबा, पेनस्टँड, कातीव खेळणी यांना कॅन छान. पण देव्हाऱ्याला सीलरचे दोन आणि लॅकरचे तीन हात म्हटले की कॅनमागून कॅन संपतात. त्या पैशात गन आली असती. शिवाय कॅनची धार बदलता येत नाही, आणि बरेच ‘क्लिअर’ कॅन मुळात धातूसाठी बनवलेले असतात. डब्यावर लाकडाचं नाव आहे का ते वाचूनच घ्या.

वापरताना कॅन चांगला मिनिटभर हलवा. संपल्यावर किंवा मध्ये थांबताना तो उलटा धरून एकदा दाबा, म्हणजे नुसता वायू निघून तोंड साफ होतं.

विजेवरची हातगन

ऑनलाइन सगळ्यांत जास्त दिसते ती हीच: मागे मोटर, खाली ८०० मिलिलिटरचा डबा. किंमत साधारण दीड हजारापासून पाच हजारांपर्यंत. कॉम्प्रेसर लागत नाही, हा मोठा मोह. भिंत, कुंपण, कपाटाची पाठ, प्रायमर यांना ती ठीक आहे. छोट्या लाकूडकामात मात्र तिचं जमत नाही. तिचं नोझल बहुधा १.८ ते २.६ मिलिमीटरचं असतं, म्हणून थेंब जाड पडतात आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत दिसतो. पातळ लॅकर घातलं की ओघळ सुटतो. मसाल्याच्या डब्यावर तिचा फवारा मारायचा, तर निम्म्याहून जास्त माल डब्याच्या बाहेर जातो.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. अशा बहुतेक गनांच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की ठरावीक तापमानाखाली पेट घेणारा माल यातून मारू नये. एनसी थिनर नेमका त्यातच मोडतो. त्यातल्या टोल्युइनची वाफ चार-पाच अंश सेल्सिअसलाही पेट घेऊ शकते, आणि मोटरीच्या ब्रशमधून ठिणगी उडते. ही गन घेतलीच असेल तर पाण्यावरचं फिनिश मारा, त्यात पाण्याचं प्रमाण डब्यावर दिलंय तेवढंच ठेवा आणि छोट्या वस्तू सोडून मोठ्या फळ्यांना वापरा.

कॉम्प्रेसर आणि छोटी गन

छोटं काम नियमित करणाऱ्याला माझा कौल या जोडीला. पण इथेच लोक सर्वांत जास्त फसतात, कारण दुकानात गनवर चर्चा होते आणि कॉम्प्रेसर नुसत्या हॉर्सपॉवरवर घेतला जातो.

गनची खरी भूक सीएफएममध्ये मोजतात, म्हणजे दर मिनिटाला किती घनफूट हवा लागते. एक हॉर्सपॉवरचा, २४-२५ लिटर टाकीचा साधा कॉम्प्रेसर प्रत्यक्षात साडेतीन सीएफएमच्या आसपास, म्हणजे मिनिटाला शंभर लिटर हवा देतो. लेबलवर आकडा मोठा दिसला तर विचारा, तो पिस्टनचा आहे की बाहेर येणाऱ्या हवेचा. दोन्हींत बराच फरक असतो.

आता हिशेब करू. टाकीत ८ बार दाब आहे आणि तो ३ बारवर येईपर्यंत आपण गन चालवणार. २४ लिटर गुणिले ५, म्हणजे १२० लिटर हवा शिलकीत. गन ६ सीएफएमची असेल तर ती मिनिटाला १७० लिटर खाते. कॉम्प्रेसर चालू असेल तर शंभर भरले जातात, सत्तर शिलकीतून जातात. म्हणजे सलग पावणेदोन मिनिटं फवारा. एका डब्याला, एका चौरंगाला ते भरपूर झालं. तीच जागा १२ सीएफएमच्या मोठ्या एचव्हीएलपी गनला दिली तर मिनिटाला ३४० लिटर जातात आणि टाकी अर्ध्या मिनिटात दम सोडते. दाब पडला की थेंब जाड होतात, फळीच्या शेवटच्या वीतभर भागावर दाणे येतात, आणि दोष गनच्या माथी मारला जातो.

एचव्हीएलपी म्हणजे हवा जास्त, दाब कमी. नोझलच्या टोकाशी दाब १० पीएसआयपेक्षा जास्त नसतो, म्हणून फवारा उसळून परत येत नाही. जुन्या पद्धतीच्या गनमधून तीनातला जेमतेम एक भाग लाकडावर बसतो, यातून निदान ६५ टक्के बसतो. कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसच्या आसपास हवेतल्या धुरक्याविरुद्ध कडक नियम झाले आणि या गनचा प्रसार तिथून वाढला. आपल्याला त्याचा फायदा मालाच्या बचतीत.

मग एक हॉर्सपॉवरवर काय चालेल? ‘मिनी’ किंवा ‘टच-अप’ म्हणून मिळणारी छोटी गन: वर शंभर ते अडीचशे मिलिलिटरचा कप, नोझल ०.८ ते १ मिलिमीटर, हवा तीन ते पाच सीएफएम. मूळची ती गाड्यांचे ओरखडे रंगवणाऱ्यांची, म्हणून ऑटो पेंटच्या दुकानात मिळते. हजार-दोन हजारांत बरी येते. थोड्या मोठ्या वस्तू करत असाल तर एलव्हीएलपी प्रकारची १.३ मिलिमीटरची गन घ्या. ती कमी हवेत चालते.

घेतलेली गन आधी खोक्याच्या पुठ्ठ्यावर चालवून बघा. हाताशी तीन चाव्या असतात: माल, हवा, फवाऱ्याची रुंदी. मालाची चावी जवळपास बंद करून सुरुवात करा आणि थोडी थोडी उघडत जा. पुठ्ठ्यावर लांबट, दोन्ही टोकांना सारखाच ओला पट्टा उमटला पाहिजे. मधोमध माल साचला तर हवा वाढवा किंवा माल कमी करा. दोन्ही टोकं जड आणि मध्य कोरडा आला तर हवा कमी करा. पट्टा एकाच बाजूला झुकला तर हवेच्या टोपीचं एखादं भोक तुंबलेलं असतं. ते लाकडी दातकोरणीने साफ करा, तारेने कधीच नाही.

छोट्या गनचं लाकडापासून अंतर वीतभराहून थोडं कमी ठेवा. घोडा वस्तूच्या काठाबाहेर दाबा, बाहेरच सोडा, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवा. वस्तू फिरवायला केक सजवण्याचं फिरतं स्टँड फार उपयोगी पडतं. सुकवायला एका फळीतून आरपार खिळे ठोकून टोकं वर ठेवा: वस्तू खिळ्यांच्या टोकांवर टेकते आणि दोन्ही बाजू एकाच बैठकीत होतात.

एअरब्रश

दागिन्यांची पेटी, बुद्धिबळाच्या सोंगट्या, सावंतवाडीच्या लाकडी फळांसारखी रंगाची छटा: एवढ्यासाठी एअरब्रश. नोझल ०.२ ते ०.५ मिलिमीटर, कॉम्प्रेसर छोटा आणि तसा शांत. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला परवडणारा. ट्रेला मात्र पुरत नाही.

किती पातळ?

पॉलिशवाले थिनर अंदाजाने ओततात आणि त्यांचा हात बसलेला असतो. आपण बी-फोर कप घ्यावा. तळाशी ४ मिलिमीटरचं भोक असलेला हा कप भरायचा, बोट काढायचं आणि धार तुटेपर्यंतचे सेकंद मोजायचे. एनसी लॅकर आणि सीलर साधारण १८ ते २२ सेकंदांत उतरलं की मिनी गनमधून नीट जातं. पाण्यावरच्या मालाला डब्यावरचा आकडा पाळा. गनमध्ये ओतण्याआधी कागदी गाळणीतून गाळणं टाळू नका. नवा डबाही गाळायचा.

पावसाळा

कोकणात किंवा मुंबईत जुलैत एनसी लॅकर मारलं की वर पांढुरकी साय धरते. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ त्यावर जमते, त्याचा हा परिणाम. उपाय दोन: थिनरमध्ये थोडं सावकाश उडणारं ‘रिटार्डर’ मिसळा, नाहीतर पाऊस उघडून ऊन पडल्यावर दुपारी काम करा. पांढरी पडलेली जागाही पुष्कळदा रिटार्डरचा पातळ हात मारला की निवळते.

हवेतलं हेच पाणी कॉम्प्रेसरच्या टाकीतही साठतं. टाकीच्या तळाचा नळ रोज काम संपल्यावर उघडा आणि गनच्या आधी पाणी अडवणारा फिल्टर लावा. तो न लावल्यास फिनिशमध्ये माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे दिसू लागतात.

नाकातोंडाची काळजी

कापडी मास्क किंवा एन-९५ थेंब अडवतो, थिनरची वाफ अडवत नाही. सेंद्रिय वाफांसाठीचे काळे कार्ट्रिज आणि पुढे धुळीचा फिल्टर असलेला अर्ध्या चेहऱ्याचा मास्क घ्या. दोन डब्यांच्या पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा वास येईपर्यंत उशीर झालेला असतो, आणि त्याने एकदा दमा जडला तर पुढे अगदी थोड्या वाफेनेही उठतो. म्हणून घरात, बंद गॅलरीत दोन डब्यांचं पीयू स्प्रेने मारू नये, असं माझं ठाम मत आहे. घरातल्या साध्या एक्झॉस्ट पंख्यासमोर थिनरचा फवाराही मारू नका, त्याची मोटर त्याच वाफेत फिरत असते. देवघरातला दिवा, गॅसचा पायलट, उदबत्ती सगळं आधी बंद.

लहान मुलांची खेळणी विकायची असतील तर आणखी एक: १ जानेवारी २०२१ पासून देशात खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे नियम लागू आहेत आणि रंगातून उतरणाऱ्या जड धातूंची मर्यादा त्यात येते. मालाचा डबा घेताना ते विचारून घ्या.

पैसे कशावर घालायचे

बजेट दहा-बारा हजारांचं असेल तर त्यातला मोठा वाटा कॉम्प्रेसरला, मग मास्कला, आणि उरेल त्यात गन. स्वस्त गन नीट धुतली तर वर्षानुवर्षं टिकते. काम झाल्यावर कपात थोडा थिनर घालून फवारा, पुन्हा घाला, स्वच्छ निघेपर्यंत. सुई आणि नोझल काढून पुसा, पण अख्खी गन थिनरमध्ये बुडवून ठेवू नका; आतल्या वॉशर फुगतात. खरेदीच्या वेळी दुकानदाराला एवढंच विचारा की या गनची सुई, नोझल आणि वॉशर सुट्या मिळतात का. नाही म्हणाला तर गन कितीही चकचकीत असो, परत ठेवा.