नोटिशीने वाडा सावरत नाही

पावसाळा तोंडावर आला की धोकादायक इमारतींच्या मालकांना महापालिकेच्या नोटिसा जातात. अहिल्यानगरच्या माळीवाडा, नालेगाव, तोफखाना अशा जुन्या भागांनाही हा रिवाज नवा नाही. कागद दारावर डकवला जातो, पावसाळा सरतो आणि वाडा तसाच उभा राहतो. 1490 मध्ये वसलेल्या या शहरात जुनी बांधकामे असायचीच. प्रश्न त्यांच्या वयाचा नाही, त्यांना वाली नसण्याचा आहे.

माळवदाचा वाडा एका दिवसात पडत नाही. माणसे राहती असली की पावसाळ्याआधी छतावर पांढरी माती पडते, पन्हळी साफ होतात. घर बंद पडले की हे सारे थांबते. पाणी मुरते, माती जड होते, तुळयांची टोके कुजतात. भिंतीत पिंपळ रुजतो, भिंत पोट काढते. मग एखाद्या झडीत दर्शनी भाग रस्त्यावर येतो. तोवर आतल्या साचल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढलेले असतात आणि चौकाची कचराकुंडी झालेली असते. भोगतो तो शेजारी.

कायदा तोकडा नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 च्या कलम 264 नुसार पडाऊ बांधकाम उतरवण्याचा किंवा दुरुस्त करण्याचा आदेश आयुक्त देऊ शकतात. मालकाने ऐकले नाही तर महापालिका स्वतः काम करून खर्च वसूल करू शकते. 30 वर्षांवरील इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. 2015 पासून राज्यात अशा इमारतींची वर्गवारीही ठरली आहे: सी-1 म्हणजे तातडीने रिकामी करून पाडायची, सी-2ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची, सी-2बी म्हणजे राहते ठेवून दुरुस्त करायची आणि सी-3 म्हणजे किरकोळ डागडुजीची.

मग घोडे अडते कुठे? नोटीस इमारतीला मिळते, दुखणे मालकीत असते. मालमत्ता पत्रकावर अजून आजोबांचेच नाव, वारस पुणे-मुंबईत पांगलेले आणि वाटपाचा दावा न्यायालयात. सही करायची कुणी आणि पैसे घालायचे कुणी? दुसरीकडे भाडेकरू असतात. एवढ्याशा भाड्यात दुरुस्ती परवडत नाही, असे मालक म्हणतो. एकदा बाहेर पडलो तर परत पाऊल ठेवता येणार नाही, ही भाडेकरूची धास्ती. तिसरा मालक भाव वाढण्याची वाट पाहत बसलेला. सावेडी, केडगावकडच्या उपनगरांत रिकाम्या प्लॉटवर वेड्या बाभळी माजतात, त्यामागेही बहुधा हेच असते.

तिघांना एकच नोटीस देऊन भागणार नाही. वारसांचा घोळ असेल तिथे महापालिका आणि नगर भूमापन कार्यालयाने एकत्र बसून वारस नोंदीची शिबिरे घ्यावीत. भाडेकरू असतील तिथे वाडा रिकामा करण्याआधी प्रत्येकाच्या ताब्यातील क्षेत्र मोजून लेखी दाखला द्यावा. अशा पुनर्बांधणीसाठी 2020 च्या एकत्रित विकास नियमावलीत वाढीव चटईक्षेत्राची तरतूद आहेच. वाट पाहणाऱ्या मालकाला मात्र कराची भाषा कळते. थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती लागते, त्यापुढे जप्ती आणि लिलावही आहे. पण शास्तीमाफी जाहीर झाली की वेळेवर कर भरणारा मूर्ख ठरतो आणि थांबलेला शहाणा. पडीक मिळकतींना तरी ही माफी नको.

मालकी सुटेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात ओसाड प्लॉटवरचा कचरा उचलून गवत आणि झाडे लावली, बुटके लाकडी कुंपण घातले. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गरीब वस्त्यांमधल्या अशा जागांभोवतीचे गोळीबार 29 टक्क्यांनी घटल्याचे दिसले. आपल्याकडे गोळीबार नसतील, पण एवढी साफसफाई कोणत्याही महापालिकेच्या आवाक्यातली आहे.

यासाठी बाराही महिने चालणारी, मिळकत का पडून आहे याचे कारण नोंदवणारी जाहीर यादी हवी. ती महापालिकेने करावी. आणि ज्या वाचकांचा पेठेतल्या एखाद्या बंद वाड्यात हिस्सा आहे, त्यांनी ती यादी निघण्याची वाट न पाहता आधी मालमत्ता पत्रकाचा उतारा काढावा आणि वारस नोंदीचा अर्ज द्यावा.