लोखंड किती तापलं?

होळी यायच्या आधीच वर्धा जिल्ह्यात कूलरची कामं सुरू होतात. मेमध्ये पारा ४५ अंशांना टेकतो, आणि तेव्हा घराला लागणारा पत्र्याचा कूलर वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव कुठंही गावातल्या गावात बनवून मिळतो. पत्रा कापून, वाकवून, रिव्हेट मारून सांगाडा तयार झाला की तो पावडर कोटिंगवाल्याच्या शेडमध्ये जातो. तिथून परत येतो तो रंगीत, गुळगुळीत आणि चकचकीत होऊन. गिऱ्हाईक ती चकाकी बघून पैसे देतं. कूलर दोन उन्हाळे टिकणार की सात, हे मात्र त्या शेडमधल्या भट्टीत शेवटच्या दहा मिनिटांत ठरलेलं असतं.

असं काम मी एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये उभं राहून पाहिलं. शेड लहान. एका भिंतीला टाक्यांची रांग, मध्ये पावडर मारायचा बूथ, टोकाला गॅसवर चालणारी भट्टी. मालक आणि चार कामगार. कूलरच्या बॉडीखेरीज लोखंडी कपाटं, खिडक्यांच्या ग्रिल, दवाखान्यातल्या खाटा, शाळेचे बाक आणि विजेचे पॅनेल बॉक्सही तिथं येतात. हिशेब चौरस फुटाच्या दरानं होतो.

या कामात रंगाआधीचं धुणंच मोठं आहे. ‘सेव्हन टँक’ असं म्हणतात. पत्र्यावरचं तेल काढायचं, पाण्यात खळबळायचं, आम्लात बुडवून गंज उतरवायचा, पुन्हा पाणी, मग फॉस्फेटच्या द्रावणात बुडवायचं, पुन्हा पाणी, शेवटी पॅसिव्हेशन. फॉस्फेटमधून निघालेला पत्रा राखाडी, मळकट दिसतो. तो तसाच दिसायला हवा, कारण त्या बारीक स्फटिकांच्या थरातच रंगाला पकड मिळते आणि रंग कुठं खरचटला तर गंज आत पसरायला वेळ लागतो. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतं. धुण्याचं पाणी वेळेवर बदललं नाही तर क्षार पत्र्यावरच वाळतात आणि त्या डागांवर पुढं रंगाचे फोड येतात. धुतलेल्या पत्र्याला हात लावायचा तर हातमोजा घालूनच, कारण बोटांचा तेलकटपणाही पुरतो. जीआयच्या, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याला तर हे धुणं जास्तच लागतं. जस्ताचा तो गुळगुळीत थर नीट तयार केला नाही, तर रंग पापुद्र्यासारखा निघून येतो.

मग पावडर. पिठासारखी दिसणारी ही भुकटी म्हणजे रेझिन, हार्डनर आणि रंगद्रव्य एकत्र वितळवून, थंड करून, दळून केलेला माल. घरात राहणाऱ्या कपाटाला इपॉक्सी-पॉलिएस्टरचं मिश्रण चालतं. उन्हात राहणाऱ्या वस्तूला शुद्ध पॉलिएस्टरच हवं, कारण इपॉक्सी उन्हात खडूसारखं भुरभुरायला लागतं. कूलर खिडकीबाहेर असतो, त्याच्या अंगावर विदर्भाचं ऊन दिवसभर पडतं. तरी स्वस्त पडतं म्हणून त्याला घरातली पावडर मारणारे आहेत, आणि दुसऱ्याच उन्हाळ्यात कूलरवरून हात फिरवला तर तळवा पांढरा होतो. पावडर थंड, कोरड्या जागी, ३० अंशांच्या आत ठेवावी असं कंपन्या सांगतात. वर्ध्याच्या मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली ते जमायचं कसं? त्या शेडमध्ये मालकानं पावडरचे खोके आतल्या सिमेंटच्या खोलीत ठेवले होते आणि त्या खोलीला स्वतःचा कूलर न लावता पंखा लावला होता, कारण कूलरच्या ओलाव्यानंही पावडरच्या गुठळ्या होतात. पावसाळ्यात वेगळीच अडचण. कंप्रेसरच्या हवेतून पाणी येतं, म्हणून नळीवरचा मॉइश्चर ट्रॅप दिवसातून अनेकदा मोकळा करावा लागतो.

पावडर मारायची गन चालवणारा गडी तरुण होता, तोंडाला मास्क, पायात बूट. गनच्या टोकाशी साठ ते शंभर हजार व्होल्टचा दाब असतो, विद्युतप्रवाह मात्र अगदी थोडा. त्यातून बाहेर पडणारा पावडरचा प्रत्येक कण विद्युतभार घेऊन उडतो आणि अर्थिंग दिलेल्या पत्र्याकडे ओढला जातो. पत्र्याच्या मागच्या बाजूलाही पावडर वळसा घालून जाऊन बसते, हे पहिल्यांदा बघताना डोळ्यांवर विश्वास बसत नाही. पण सगळा खेळ अर्थिंगवर आहे. हुकावर जुन्या रंगाचे थर साचले की वीज जायला वाट राहत नाही. पावडर बसत नाही आणि गनवाल्याला झटके बसतात. म्हणून हुक अधूनमधून जाळून, ठोकून उघडे करावे लागतात.

या विजेला कोपरे वर्ज्य. आतल्या कोपऱ्यात विद्युतक्षेत्र पोचतच नाही, जवळच्या कडाच सगळी पावडर ओढून घेतात. आता कूलरची टाकी आठवा: तळाला चार कोपरे, चार महिने त्यात पाणी, आणि गंज नेमका तिथूनच सुरू होतो. अनुभवी गनवाला व्होल्टेज उतरवतो, गन जवळ नेतो आणि आधी कोपरे भरतो, सपाट भाग नंतर. घाईतला माणूस उलटं करतो. सपाट भाग आधी झाला की कोपऱ्यात पावडर जायचं नावच घेत नाही. थर ६० ते ८० मायक्रॉनचा हवा. त्याहून फार जाड झाला तर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दाणेदार होतो, आणि कमी पडला तर कडा उघड्या राहतात.

पावडर कोटिंगची ही पद्धत आली कुठून? जर्मनीत एर्विन गेमर यांनी १९५०च्या दशकात तापलेली वस्तू भुकटीत बुडवायची युक्ती शोधली. विजेची गन १९६०च्या दशकात आली. द्रवरूप रंगातलं थिनर हवेत उडून जातं, पावडरीत उडण्यासारखं जवळजवळ काही नसतं, आणि खाली सांडलेली पावडर चाळून नव्या पावडरीत मिसळता येते. कामगाराच्या फुप्फुसांसाठी हे चांगलंच झालं. तरी पावडरही निरुपद्रवी नाही. बारीक भुकटी हवेत दाट झाली आणि ठिणगी पडली तर स्फोट होतो, म्हणून बूथमधला हवा ओढणारा पंखा बंद करून काम करू नये.

पावडर मारलेला जॉब भट्टीत जातो आणि खरी गोष्ट इथं सुरू होते. शंभर अंशांच्या आसपास पावडर वितळते, पसरते, एकजीव होते. बाहेर काढून पाहिलं तर रंग तयार दिसेल, चकाकीही पूर्ण असेल. पण तोवर ती नुसती वितळलेली असते. त्यानंतर रेझिन आणि हार्डनर एकमेकांत गुंततात, जाळं विणलं जातं, आणि मग ती पुन्हा कितीही तापवली तरी वितळत नाही. नेहमीच्या पॉलिएस्टर पावडरीला यासाठी २०० अंशांवर दहा मिनिटं लागतात, १८० वर सुमारे वीस. चकाकी आधी येते, मजबुती मागाहून. सगळी फसवणूक या दोहोंमधल्या मिनिटांत होते, कधी जाणूनबुजून, बहुतेक वेळा नकळत.

नकळत कशी, ते मालकानं दाखवलं. भट्टीच्या बाहेरचा काटा २०० दाखवत होता. “हा काटा हवेचा हाय जी,” ते म्हणाले. “हवा तापली म्हणून लोखंड तापलं असं नाही होत. दहा मिनिटं मोजायची ते लोखंड दोनशेवर पोचल्यावर.” कूलरचा पातळ पत्रा लगेच तापतो. त्याच भट्टीत जाड अँगलचा स्टँड टांगला तर त्याला तेवढ्याच तापमानाला पोचायला कितीतरी जास्त वेळ लागतो. दोन्ही एकदमच आत घातले आणि एकदमच बाहेर काढले, तर पत्रा भाजला गेला आणि स्टँड कच्चा राहिला. स्टँडसाठी थांबावं तर पांढरा पत्रा पिवळा पडतो. यावर उपाय साधा आहे: पातळ माल वेगळा, जाड माल वेगळा. आणि चुंबकानं चिकटणारं थर्मोकपल थेट जॉबला लावून एकदा मोजून ठेवायचं, की कोणत्या जाडीला आपल्या भट्टीत किती वेळ लागतो. त्या शेडमध्ये भट्टीच्या दारावर खडूनं तशी यादी लिहिलेली होती. दर वेळी दार उघडलं की तापमान किती उतरतं, तेही त्यात धरलेलं होतं.

ही शिस्त हंगामात मोडते. मार्च-एप्रिलमध्ये बाहेर टेम्पो उभे असतात, प्रत्येकाला आजच माल हवा असतो, गॅसची टाकी महाग, आणि गिऱ्हाईक फुटामागं रुपया कमी करून मागतं. अशा वेळी धुण्याच्या टाक्या वगळल्या जातात आणि मिनिटं कापली जातात, कारण या दोन्ही गोष्टी तयार मालात दिसत नाहीत. मी याचा दोष कामगाराला देणार नाही. रंगाचा दर घासाघीस करून उतरवणारे आपणच आहोत.

परीक्षा मात्र कुणालाही करता येते. भट्टीतून निघालेला जॉब पूर्ण थंड झाल्यावर मालकानं कापसाचा बोळा थिनरमध्ये बुडवून एका जागी मागंपुढं घासला. बोळा जवळजवळ कोरा निघाला, पृष्ठभाग किंचित मंद झाला एवढंच. मग त्यांनी मुद्दाम लवकर काढलेला एक तुकडा घेतला. दिसायला तोही तसाच. पण बोळा लगेच रंगानं माखला आणि पत्रा चिकट झाला. वाकवल्यावर त्याच्या घडीवर भेगा पडल्या. पक्क्या तुकड्याची घडी रंगासकट वळली.

ही गोष्ट फक्त कूलरपुरती नाही. अमेरिकेत बंदुकीचे शौकीन घरी शिसं ओतून गोळ्या करतात आणि शिसं नळीला चिकटू नये म्हणून हीच पावडर त्यांवर भाजतात. शिसं ३२७ अंशांना वितळतं, त्यामुळं २०० ची भट्टी त्याला सोसते. त्यांचीही परीक्षा हीच: ॲसिटोननं घासायचं, हातोडीनं चेपायचं, रंग सुटला तर भट्टी कमी पडली. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यानं परवान्याशिवाय गोळ्या बनवणं गुन्हा आहे. सांगायचं एवढंच, की गोळी असो की कूलर, पावडरीला लोखंड आणि शिसं यांतला फरक कळत नाही, तिला धातूचं तापमान आणि मिनिटं कळतात.

यंदा कूलर किंवा कपाट घ्याल तेव्हा दुकानदाराकडून त्याच रंगाचा एक टाकाऊ तुकडा मागून घ्या आणि थिनरचा बोळा घासून बघा. बोळ्याला रंग लागला तर माल परत करा. नाही लागला तर टाकीच्या चारही कोपऱ्यांत बोट फिरवा, आणि तिथंही रंग सलग लागला तर दुकानदार मागेल तो दर खुशाल द्या.