पुसदच्या कोर्टातून मंत्रालयापर्यंत

ढाणकीच्या स्टँडवर सकाळची एसटी धरायला धावणाऱ्या दोस्तांनो, आज थोडं तुमच्याच वाटेवरच्या एका माणसाबद्दल बोलू. उमरखेडला उतरून पुसदची गाडी पकडली, की तुम्ही त्याच्या तालुक्यात पोचता. तिथल्या कॉलेजला त्याच्या वडिलांचं, फुलसिंग नाईकांचं, नाव आहे. नाव वाचून आपण पुढं जातो, हा भाग वेगळा.

वसंतराव नाईक. जन्म १ जुलै १९१३, गाव गहुली. आपल्याकडे आजोबांच्या पिढीतल्या निम्म्या लोकांची जन्मतारीख १ जुलै असते, मास्तरांच्या कृपेने! पण याच तारखेला आज राज्यात कृषी दिन असतो, तो वसंतरावांमुळे.

घर बंजारा, मूळ आडनाव राठोड. तांड्याच्या प्रमुखाला नाईक म्हणतात, तेच पुढं आडनाव झालं. घरी शेती होती, मान होता, पण शिक्षणाची परंपरा नव्हती. गहुलीत शाळेची सोय नाही, म्हणून पोरगा आसपासच्या गावांत शिकला, मग अमरावती, मग नागपूर. नागपुरात नील सिटी हायस्कूल आणि पुढे मॉरिस कॉलेज. १९३८ मध्ये बी.ए., १९४० मध्ये एलएल.बी. घरात गोरमाटी बोलायची, वर्गात मराठी आणि कॉलेजात इंग्रजी. सेमिनारमध्ये उभं राहिलं की ज्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही, त्यांना यातली धाकधूक वेगळी सांगायला नको.

वकील झाल्यावर नागपुरात बस्तान बसवता आलं असतं. वसंतरावांनी आधी अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली काम केलं आणि मग पुसदला येऊन प्रॅक्टिस सुरू केली. मला या माणसाच्या आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते, मुख्यमंत्रिपदापेक्षाही. कारण पुसदच्या कोर्टात येणारा पक्षकार म्हणजे शेतकरी: बांधाचं भांडण, सावकाराचं कर्ज. पुढं महसूल आणि शेती ही खाती हाताळणाऱ्या माणसाला याहून चांगला क्लास कुठं मिळणार?

त्याच सुमारास, १९४१ मध्ये, त्यांनी नागपूरच्या वत्सला घाटे यांच्याशी लग्न केलं. मुलगा बंजारा, मुलगी ब्राह्मण. तेव्हा हे किती अवघड असेल, याचा अंदाज हवा असेल तर आज घरी जेवताना असा विषय काढून बघा.

१९४६ मध्ये ते पुसदचे नगराध्यक्ष झाले. १९५२ मध्ये आमदार, पण महाराष्ट्राचे नव्हे, मध्य प्रदेशाचे! आपला विदर्भ तेव्हा त्या राज्यात होता. तिथं रविशंकर शुक्लांच्या मंत्रिमंडळात उपमंत्री, नंतर द्विभाषिक मुंबई राज्यात मंत्री, १९६० नंतर महाराष्ट्राचे महसूलमंत्री. नोव्हेंबर १९६३ मध्ये मारोतराव कन्नमवारांचं निधन झालं आणि ५ डिसेंबरला वसंतराव मुख्यमंत्री झाले. ते थेट फेब्रुवारी १९७५ पर्यंत. सलग अकरा वर्षांहून जास्त!

संकरित ज्वारीचा प्रसार त्यांच्याच काळातला आणि राहुरी, अकोला, दापोली, परभणी ही चारही कृषी विद्यापीठंही. पण खरी परीक्षा १९७२ च्या दुष्काळात झाली. फुकट धान्य वाटण्यापेक्षा लोकांच्या हाताला काम द्यायचं ठरलं: खडी फोडा, रस्ते करा, तलाव खोदा. १९७३ च्या उन्हाळ्यात जवळपास ५० लाख माणसं अशा कामांवर होती. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना या काळात राज्यभर रुजली, आणि २००५ मध्ये देशाने कायदा केला तो त्याच धर्तीवर.

सगळं गोडगोड लिहायचं नाही. नव्या बियाण्याला पाणी लागतं, खत लागतं, उधारी लागते. ज्याच्याकडे विहीर होती तो पुढं गेला. कोरडवाहू कापूसवाला मागं राहिला, आणि यवतमाळ जिल्ह्याचं नाव पुढं कशासाठी पेपरात येत राहिलं, ते तुम्हाला माहीत आहे. तुमच्यातल्या कित्येकांची फी आजही कापसाच्या भावावर अवलंबून असते. मुख्यमंत्री आपल्या जिल्ह्याचा असूनही हे का झालं, हा प्रश्न इतिहासाच्या पेपरात येत नाही. तो वर्गात विचारायला हरकत नाही.

१९७७ मध्ये ते वाशीममधून लोकसभेवर गेले. १८ ऑगस्ट १९७९ ला सिंगापूरला असताना त्यांचं निधन झालं. पुतणे सुधाकरराव नाईक १९९१ मध्ये मुख्यमंत्री झाले, ती पुन्हा वेगळी गोष्ट.

घरी आजी-आजोबा असतील तर एकदा विचाराच, बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही कोणत्या कामावर होता? बरेच जण रस्त्याचं नाव सांगतील. कदाचित तुमची रोजची एसटी त्याच रस्त्यानं जात असेल.