परदेशी जाताना चलनाचा हिशेब

परदेशात शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याला सर्वांत आधी भेटते ती पैशाची टंचाई. या टंचाईत चलनाच्या भावाचा हात किती मोठा असतो, याकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. परमपूज्य बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची होती, खर्च मात्र डॉलरमध्ये होता. पौंडाला ४ डॉलर ८६ सेंट या तेव्हाच्या भावाने महिन्याला सुमारे ५६ डॉलर होत. पुढे १९२० च्या जुलैमध्ये अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठी ते लंडनला गेले, तेव्हा आधार होता तो सिडनहॅम कॉलेजातील नोकरीतून साठवलेल्या पैशाचा, राजर्षी शाहू महाराजांच्या साहाय्याचा आणि नवल भथेना या मित्राने दिलेल्या कर्जाचा.

त्या १९२० सालाच्या आरंभी एका रुपयाला दोन शिलिंगांहून अधिक मिळत होते. १९२१ मध्ये हा भाव १ शिलिंग ४ पेन्सच्याही खाली उतरला. दोन शिलिंगांच्या भावाने १००० रुपयांचे १०० पौंड होतात. १ शिलिंग ४ पेन्सच्या भावाने ६६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स. रुपये तेवढेच, पण घरून येणाऱ्या रुपयांवर राहणाऱ्या विद्यार्थ्याचा एक तृतीयांश पैसा वाटेतच नाहीसा झाला. रुपयाच्या याच प्रश्नावर बाबासाहेबांनी लंडनमध्ये प्रबंध लिहिला व १९२३ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, हे आपण सर्व जाणतो.

बाजाराचा भाव आपल्या हाती नसतो. परंतु त्या भावावर मधले लोक किती घेतात, हे बऱ्याच अंशी आपल्या हाती असते. त्याचीच माहिती आम्ही येथे देत आहोत.

आता अडचण परवानगीची नाही

१९७० च्या दशकात परदेशी जाणाऱ्या सामान्य प्रवाशाला अवघे ८ डॉलर घेऊन विमानात बसावे लागे. १९७३ चा 'फेरा' कायदा कडक होता. १ जून २००० पासून त्याच्या जागी 'फेमा' आला. २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने उदारीकृत प्रेषण योजना सुरू केली. सुरुवातीला तिची मर्यादा वर्षाला २५ हजार डॉलर होती. आज ती एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर आहे. म्हणजे आपल्या मुलाला वा मुलीला लागणारे चलन कायदेशीर मार्गाने सहज मिळते. प्रश्न उरतो तो किमतीचा.

भाव एक नसतो, दोन असतात

आपल्या सोलापूरचा टॉवेल अमेरिकेला जातो. निर्यातदाराला मिळालेले डॉलर बँक त्याच्याकडून विकत घेते, तो खरेदीचा भाव. तोच डॉलर विद्यार्थ्याला देते, तो विक्रीचा भाव. या दोहोंतील अंतर ही बँकेची कमाई. वर्तमानपत्रात छापलेला भाव या दोहोंच्या मधला असतो; त्या भावाने आपल्याला कोणी चलन देत नाही.

हिशेबाच्या सोयीसाठी मधला भाव ९० रुपये धरू. एका ठिकाणी डॉलरची नोट ९२ रुपयांना मिळते, विमानतळावरील खिडकीवर ९६ ला. १००० डॉलर घेतले तर ४००० रुपयांचा फरक पडला. वर्षाच्या खर्चाचे २० हजार डॉलर असतील, तर डॉलरमागे एकच रुपया वाचवला तरी २० हजार रुपये वाचतात. ज्या घरात वडील यंत्रमागावर आहेत किंवा आईने दागिने गहाण ठेवले आहेत, त्या घराला ही रक्कम लहान नाही.

'आमच्याकडे कमिशन नाही' अशी पाटी पाहून भुलू नये. कमिशन नसेल तर ते बहुधा भावातच मिसळलेले असते. म्हणून विचारायचा प्रश्न एकच: "मला १००० डॉलर हाती हवेत, सर्व कर व खर्च धरून एकूण किती रुपये द्यावे लागतील?" हा प्रश्न एकाच दिवशी दोन बँकांना व दोन परवानाधारक चलन व्यापाऱ्यांना विचारावा आणि एकूण आकड्यांची तुलना करावी. व्यापाऱ्याकडे रिझर्व्ह बँकेचा परवाना आहे याची खात्री करून पावती घ्यावी. भावाबद्दल थोडी घासाघीस करण्यात कमीपणा नाही. रक्कम मोठी असेल तर भाव पुष्कळदा कमी होतो.

पैसा कामाप्रमाणे वाटून न्यावा

सर्व पैसा एकाच रूपात नेणे महाग पडते. आमच्या मते तीन वाटे करावेत.

पहिला वाटा फीचा. ती बँकेमार्फत थेट विद्यापीठाच्या खात्यात पाठवावी. नोटांपेक्षा यात भाव बरा मिळतो. मात्र मधल्या बँका आपला खर्च कापून घेतात आणि २० पौंड कमी पोचले तरी विद्यापीठ फी अपुरी समजते. म्हणून मधल्या बँकांचा खर्चही आपणच भरणार असे अर्जात लिहावे.

दुसरा वाटा राहण्या-जेवणाचा. त्यासाठी परकीय चलनाचे प्रीपेड कार्ड, म्हणजे फॉरेक्स कार्ड सोयीचे. भरलेल्या दिवसाचा भाव कायम राहतो. ज्या देशात जायचे त्याच देशाचे चलन त्यात भरावे. डॉलरचे कार्ड इंग्लंडात वापरले तर दुसऱ्यांदा बदलाचा आकार बसतो. आपले नेहमीचे डेबिट वा क्रेडिट कार्ड परदेशात वापरल्यास पुष्कळ बँका २ ते साडेतीन टक्के अधिक घेतात व त्या आकारावर १८ टक्के जीएसटी लागतो. काही कार्डांवर हा आकार नसतो, तेव्हा निघण्यापूर्वी बँकेत विचारावे. क्रेडिट कार्डावर रोख रक्कम काढू नये. त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज चढते.

तिसरा वाटा रोख नोटांचा, तोही थोडा: पहिल्या आठवड्याचे भाडे, बस व जेवण यांपुरता. शिष्यवृत्तीचा भत्ता उतरल्या दिवशीच हाती येतो असे नाही, म्हणून एवढी तजवीज हवी. सर्वसाधारण नियमानुसार एका प्रवासात ३००० डॉलरपर्यंतच नोटा मिळतात. आपण रुपये रोख देणार असाल तर ५० हजारांच्या आतच व्यवहार होतो. त्यापुढे बँकेतूनच पैसे द्यावे लागतात.

एक सापळा मुद्दाम सांगतो. परदेशातील दुकानात किंवा एटीएमवर यंत्र विचारते, "रुपयांत आकारू की येथील चलनात?" आपल्याला रुपये ओळखीचे वाटतात आणि आपण 'रुपये' दाबतो. तेथे यंत्रवाल्याने ठरवलेला महाग भाव लागतो. नेहमी त्या देशाचे चलन निवडावे.

कराचा भाग

चलन बदलावरचा जीएसटी पूर्ण रकमेवर नसतो. एक लाखापर्यंत रकमेच्या १ टक्का मूल्यावर १८ टक्के, म्हणजे एक लाखाला १८० रुपये. कोणी याहून पुष्कळ अधिक 'कर' सांगितला तर हिशेब लेखी मागावा. दुसरा कर टीसीएस. १ एप्रिल २०२५ पासून, सहलीचे पॅकेज सोडल्यास, वर्षाला १० लाखांपर्यंत पाठवलेल्या रकमेवर तो लागत नाही, तसेच मान्यताप्राप्त बँकेच्या शैक्षणिक कर्जातून भरलेल्या फीवरही लागत नाही. जेथे लागतो तेथेही ते पैसे बुडत नाहीत. आयकर विवरणपत्र भरून वळते करता किंवा परत मिळवता येतात. दर अर्थसंकल्पात बदलतात, म्हणून त्या वर्षीचा दर बँकेत विचारावा.

धम्मयात्रेला जाणाऱ्यांसाठी

लुंबिनीला जाणाऱ्या उपासक-उपासिकांनी डॉलर घेण्याची गरज नाही. १९९३ पासून १०० भारतीय रुपयांना १६० नेपाळी रुपये हा भाव ठरलेला आहे. सोबत १०० रुपयांच्या नोटा ठेवाव्यात. मोठ्या नोटांबाबतचे नियम २०१६ नंतर अनेकदा बदलले आहेत, ते निघण्यापूर्वी पाहावेत. श्रीलंका किंवा थायलंडला जाताना तेथील चलन सोलापुरात शोधत बसू नये. मागणी कमी असलेल्या चलनाचा भाव येथे महाग असतो. स्वच्छ, न दुमडलेल्या डॉलरच्या नोटा न्याव्यात व तेथे शहरात उतरून बदलाव्यात. बँकॉकमध्ये १०० डॉलरच्या नोटेला लहान नोटांपेक्षा भाव चांगला मिळतो. नेपाळ व श्रीलंकेत २०२४ पासून अनेक दुकानांत यूपीआयनेही पैसे देता येतात.

परत आल्यावर उरलेले चलन १८० दिवसांत बँकेला किंवा व्यापाऱ्याला परत द्यावे. २००० डॉलरपर्यंतच्या नोटा पुढील प्रवासासाठी जवळ ठेवता येतात. गरजेपुरतेच घेतले तर विकताना पुन्हा होणारा तोटा टळतो.

स्वस्ताच्या मोहापासून दूर

"रुपये येथे द्या, पौंड तिकडे माझा माणूस देईल, भावही बरा," असे सांगणारा भेटतो. ही हवाला आहे. फेमा कायद्याखाली गुंतलेल्या रकमेच्या तिप्पट दंड होऊ शकतो. तिकडचा माणूस आलाच नाही, तर पावती नसल्यामुळे तक्रार कोठे करणार? खोटी नोट हाती आली तर परक्या देशात पोलिसांना तोंड द्यावे लागते, ते निराळेच.

सर्व चलन शेवटच्या दिवशी घेऊ नये. प्रवेश निश्चित झाला की दोन-तीन हप्त्यांत घ्यावे, म्हणजे एखाद्या वाईट दिवसाचा भाव सगळ्या रकमेला लागत नाही. भाव आणखी उतरेल या आशेने फीची तारीख मात्र चुकवू नये. आपल्या संस्थेत बँकेत नोकरी केलेले अनेक सभासद आहेत. त्यांनी परदेशी निघालेल्या विद्यार्थ्याच्या घरी एक संध्याकाळ बसून हा हिशेब कागदावर मांडून द्यावा, अशी आमची विनंती आहे. पहिल्यांदाच परदेश पाहणाऱ्या घराला तेवढ्याने पुष्कळ आधार मिळेल.